मछलीपट्टणची लाँच

गौलीगुडा, हैदराबाद
२१ फेब्रुवारी १९४९

चि. प्रताप यास इंदुअक्काचे अनेक आशीर्वाद. सौ. तारामतीला आणि मुलांनाही सांगणे.

आम्ही दोघे परवा सकाळच्या गाडीने मछलीपट्टणहून सुखरूप परत आलो. पत्रात लिहायची रीत म्हणून ‘सुखरूप’ लिहीत नाही. खरोखरच थोडक्यात निभावलं म्हणून लिहिते.

एकाच शहरात राहून सख्ख्या भावाला टपालाने पत्र टाकायची वेळ आली, याचंही मला कमी वाईट वाटत नाही. काल संध्याकाळी मी टांगा करून तुझ्या विद्यापीठाकडच्या बंगल्यावर आले होते. व्हरांड्यात सगळी बडी मंडळी बसली होती. तू लांबूनच हात केलास, “अक्का, आत जाऊन बस, मी आलोच.” मी आत बसले, तारामतीने केलेला चहा प्याले, मुलांचा अभ्यास घेतला आणि परत आले. तू काही आला नाहीस. पत्राला ‘आत जाऊन बस’ म्हणता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

मुद्द्याचं आधीच सांगते. ती लाँच घेऊ नकोस. पुढचं वाचायला सवड नसेल तर एवढंच वाच.

छावणीतून परतल्यावर केलेल्या समितीच्या पहिल्या बैठकीत तू उभा राहून बोललास ते मला अजून आठवतं. रझाकारांच्या धास्तीने गेल्या वर्षी आपल्या लोकांनी हैदराबाद सोडलं, मछलीपट्टणला छावणी पडली, छावणीत जागा पुरेना. तेव्हा समुद्रकाठच्या कोळ्यांनी आपल्याला झोपडीत घेतलं, आपल्या ताटातला भात दिला, जात विचारली नाही. तू म्हणालास, “त्यांना मानपत्र नको. त्यांच्या लहान होड्या किनारा सोडून लांब जात नाहीत. आपण वर्गणी काढू आणि त्यांना खोल समुद्रात मासेमारी करता येईल अशी मोटरची बोट देऊ.” सभेत पहिली टाळी माझी होती, प्रताप. वाटलं, माझा भाऊ नुसता भाषणं करणारा नाही.

आणि मग तू ही लाँच ठरवलीस! यांना म्हणालास, “दाजी, तुम्ही नुसती नजर टाकून या.” नुसती नजर टाकून येणाऱ्या माणसाला पाठवायचं होतं तर दुसरा कुणी बघायचास. तुला तुझे दाजी लालागुड्याच्या रेल्वे कारखान्यातले फोरमन म्हणून माहीत. पण आमच्या लग्नाआधी हे मुंबईच्या गोदीत होते, आणि बोटींच्या पोटात शिरून तळ तपासणं हेच यांचं तिथलं काम होतं.

लाँच खाडीत बांधून ठेवली आहे. लांबून दिसते छान. पांढरा रंग, निळी पट्टी, वर झेंड्याची काठी. लाँचमालक एकनाथरावांचा मुकादम अंबाजी आमची वाटच बघत होता. म्हणाला, “अम्मा, बघायचं काय त्यात? एकदम नवी चीज आहे.”

यांनी विचारलं, “नवी म्हणजे कधीची?”

“रंग मागच्याच आठवड्यातला, साहेब.”

मला हसू आलं. त्या दिवशीचं तेवढंच हसू.

बोट कशी बघायची ते मी त्या दिवशी यांच्याकडून शिकले. रंगाकडे बघायचंच नाही. वाकायचं, आत शिरायचं, जिथे ऊन पोचत नाही तिथे हात लावायचा. यांनी खिशातून पेचकस काढला आणि तळाच्या फळ्यांना आतून टोचत निघाले. चांगलं लाकूड असलं की पेचकस उलटून परत येतो. सुरुवातीच्या फळ्यांनी तो परत केला. पुढच्या फळीत मात्र तो पिकल्या पेरूत जावा तसा मुठीपर्यंत गेला. अंबाजी घाईघाईने म्हणाला, “तेवढी एक बदलून देऊ.” मग तिच्या शेजारची तशीच निघाली. मग बुडाच्या कण्याजवळची. फासळ्यांना तडे गेलेले, तड्यांत लुकण भरलेलं, वरून रंग फिरवलेला. हे रुमालाने पेचकस पुसत राहिले.

ही लढाईच्या दिवसांतली लाँच आहे. मोठ्या जहाजावरचे शिपाई धक्क्यापर्यंत आणायला बांधलेली. बूड सपाट. आतल्या शांत पाण्यात ते चालतं, पण बाहेरच्या लाटेवरून उतरताना सपाट बूड पाण्यावर आपटतं आणि दर आपटीला खिळे ढिले होतात. इंजिन लॉरीचं उचलून बसवलंय. त्याला थंड ठेवायला समुद्राचंच खारं पाणी फिरवलेलं, त्याने नळ्या पोखरून गेल्यात. मासळी कुठे ठेवायची असं मी विचारलं, तर इंजिनाला चिकटलेलं एक कपाट दाखवलं. त्यात बर्फ घातला तर मासे लागायच्या आतच वितळेल, आणि मासळीला रॉकेलचा वास लागेल तो वेगळाच. जाळं ओढायला मोकळी जागा नाही. इंजिन बंद पडलं तर शीड उभारायची सोय नाही.

आहे काय? तर वर एक काचेची खोली! गादीची बाकं, खिडक्यांना पडदे. मी विचारलं, मासेमारीच्या बोटीवर हे कशाला? अंबाजी म्हणाला, “प्रतापरावसाहेबांनी सांगून करून घेतली. उद्घाटनाला मंत्रीसाहेब बसतील ना.”

बोटीच्या डोक्यावर ओझं चढवलं की ती कशी वागते ते यांनी मला दाखवलं. सगळ्यांना एका काठाला उभं केलं आणि मग एकदम मध्ये यायला सांगितलं. धडधाकट बोट झटकन सरळ होते. ही तशीच कलून राहिली, जरा थांबली, आणि मग कशीबशी उठली.

यांचं मत तिथेच झालं होतं. अंबाजी म्हणाला, पाण्यावर चालवून तरी बघा. मी म्हणाले, बघू, पण खाडीत नको, तोंडाशी वाळूचा दांडा आहे त्याच्या बाहेर, खऱ्या समुद्रात चला. अंकय्याला बरोबर घेतलं. वस्तीचा म्होरक्या तो, पुढे ही लाँच चालवायची आहे ती त्यालाच.

दांडा ओलांडला आणि पहिल्याच मोठ्या लाटेला बुडाने असा दणका घेतला की दात वाजले. थोडं पुढे गेल्यावर इंजिन खोकलं आणि गप्प झालं. शीड नाही, वल्ही नाहीत. लाँच आडवी फिरली आणि लाटा कुशीवर यायला लागल्या. तुझ्या त्या खोलीची काच फुटली. अंबाजीला ओढून धरताना यांचा हात त्या काचेवर कापला. तळात पाणी चढत होतं. मी लुगडं खोचून डब्याने पाणी उपसत होते. मी, मुलींच्या शाळेची हेडमास्तरीण. अंकय्या उभा राहून किनाऱ्याकडे पागोटं फडकावत होता. वस्तीतून त्यांच्या त्या लहान होड्याच आल्या, दोर टाकले आणि आम्हाला ओढून आणलं.

कळलं का तुला? आभार मानायला गेलो आणि पुन्हा त्यांचाच उपकार घेऊन आलो.

किनाऱ्यावर मी अंकय्याला विचारलं, “तू ही बोट घेशील?”

तो म्हणाला, “दान आहे अम्मा. नाही कसं म्हणायचं? तुमच्या लोकांचं मन मोडेल.”

“पण समुद्रात नेशील?”

“मी नेणार नाही. पण पोरांना कोण थांबवणार? मोटर आहे म्हटल्यावर पोरं जाणारच.”

हे वाचूनही तुझं मत बदलत नसेल तर मला पुढे लिहिण्यासारखं काही नाही. यांच्या उजव्या हाताला टाके पडले आहेत, म्हणून यांचं मतही मीच लिहिते, यांच्याच शब्दांत: ‘ही बोट माणसं घेऊन बुडेल. कधी, एवढंच विचारायचं.’

लाँचच्या पुढच्या बाजूला तू जे नाव रंगवून घेतलं आहेस, त्याबद्दल या पत्रात लिहीत नाही.

उत्तराची वाट बघते.

तुझी
इंदुअक्का


गौलीगुडा
९ मार्च १९४९

चि. प्रताप यास आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. टाइप केलेलं. वर ‘आदरणीय भगिनी’. आई अंथरुणाला खिळलेली असताना तुला मी कडेवर घेऊन वाढवलं, ते तुझ्या कारकुनाकडून ‘आदरणीय भगिनी’ म्हणवून घ्यायला नाही. मला अक्का म्हणायला लाज वाटत असेल तर पत्र लिहू नकोस.

तू लिहितोस, पाडव्याचा दिवस मंत्र्यांनी दिला आहे, आता बदल होणे नाही. मंत्र्यांचा दिवस बदलत नाही म्हणून समुद्र काय बदलणार आहे?

तू लिहितोस, एकनाथरावांसारख्या प्रतिष्ठित गृहस्थाने आपली लाँच अल्प किमतीत देऊ केली, तिच्यात खोट काढणं त्यांचा अपमान आहे. एकनाथरावांची प्रतिष्ठा मला कुणी सांगायला नको, मी याच गल्लीत राहते. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या दिवाणखान्यात मेजवान्या कुणाला झडत होत्या ते सगळ्या गौलीगुड्याने पाहिलंय. सप्टेंबरात फौजा आल्या आणि आठवड्याच्या आत त्यांची रूमी टोपी जाऊन पांढरी टोपी आली. आता त्यांना या राज्यात चांगलं नाव हवं आहे आणि ते तुझ्या समितीकडून मिळणार आहे. बदलेनात का टोपी! मी त्यावर रुसणारी नाही. पण कुजकी फळी रंगवून गरिबाच्या गळ्यात घालणं, हे कोणत्याही टोपीखाली पापच.

तू लिहितोस, किरकोळ दुरुस्ती करून घेऊ. यांनी विचारलंय, कण्याची दुरुस्ती किरकोळ कशी करतात?

आणि शेवटी तू लिहिलं आहेस: ‘विमलच्या स्मृतीसाठी मी हे सारे करतो आहे आणि तिची आईच आडवी येते, याचे दुःख होते.’

हे वाक्य वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि शाळेत निघून गेले. दिवसभर मुलींना गणित शिकवलं. घरी आले आणि पुन्हा वाचलं.

आता लिहितेच. वर्ष होत आलं, पोरीचं नाव मी घरात उच्चारत नाही. हेही उच्चारत नाहीत. दोघं एकमेकांपासून तिला लपवून ठेवल्यासारखं चाललंय. गेल्या चैत्रात इथे रोज नवी बातमी यायची, आज या गावात जाळपोळ, उद्या त्या गावात. यांना कारखाना सोडता येईना, मला शाळा. तू छावणीचं काम बघायला मछलीपट्टणला निघाला होतास. म्हटलं, मामा बरोबर आहे, पोरगी सुरक्षित राहील. स्टेशनवर तिला तुझ्या डब्यात बसवलं. ती खिडकीतून मला सांगत होती की माझ्या तुळशीला पाणी घाल. मी म्हणाले, बाई, पंधरवड्यात परत येशील.

छावणीत पटकी आली. विमलला लागण झाली तेव्हा लोक लांब सरकले. मी त्यांनाही दोष देत नाही, ज्याला त्याला आपली पोरं होती. अंकय्याची बायको नूकम्मा आली, तिने तिला उचलून आपल्या झोपडीत नेलं. स्वतःच्या हाताने धुतलं, पाणी पाजलं, शेवटपर्यंत डोकं मांडीवर घेऊन बसली. त्या दिवशी तू मद्रासला होतास. छावणीसाठी मदत मागायलाच गेला होतास, मला माहीत आहे.

तुझ्यावर माझा राग नाही असं मी सगळ्यांना सांगते. यांना सांगते. तारामतीला सांगते. प्रताप, ते खोटं आहे. मला राग आहे. तू तिथे नव्हतास याचा नाही. तू परत आलास, त्यानंतर कितीतरी महिने त्याच गावात राहिलास, सभा घेतल्यास, पत्रकं काढलीस, आणि एकदाही त्या झोपडीत जाऊन विचारलं नाहीस की पोरगी शेवटी काय बोलली. नूकम्माने मला सांगितलं, “साहेब कधी आलेच नाहीत. मी वाट बघत होते, निरोप द्यायचा होता.” माझ्यासाठीचा निरोप मी आता ऐकला आहे. पत्रात लिहिणार नाही.

आणि त्या पोरीचं नाव तू या लाँचवर घातलंस! उद्या ती अंकय्याची पोरं घेऊन तळाला गेली तर वस्तीतले लोक काय म्हणतील? ‘विमल’ बुडाली. ‘विमल’ने पोरं नेली. जिने माझ्या मुलीच्या तोंडात पाणी घातलं, तिची पोरं माझ्या मुलीच्या नावाने न्यायची? हे स्मारक करतो आहेस तू?

येत्या रविवारी समितीची बैठक आमच्या शाळेत आहे. मी बोलणार आहे. अध्यक्षस्थानी तू असशील, तेव्हा मला ‘आत जाऊन बस’ म्हणू नकोस. शाळा माझी आहे.

इंदुमती


मछलीपट्टण
२५ एप्रिल १९४९

प्रताप,

तारामतीचं पत्र आलं. तिने भीत भीत लिहिलंय की तू चार लोकांत सांगतोस, अक्काने पाडव्याला तमाशा केला, मंत्र्यांसमोर घराण्याची शोभा केली. तर तो तमाशा एकदा माझ्या तोंडूनही ऐक.

रविवारच्या बैठकीत माझं बोलणं सगळ्यांनी ऐकून घेतलं. वकील मंडळींनी मान डोलावली, दोघातिघांनी डोळेही पुसले. मग ठराव काय झाला? ‘उद्घाटन ठरल्याप्रमाणे व्हावे, लाँचची फेरतपासणी यथावकाश करावी.’ यथावकाश! एवढी शिकलेली माणसं, एकाला म्हणवलं नाही की आधी तपासा, मग द्या. त्या संध्याकाळी मी घरी येऊन भांडी आपटली. हे म्हणाले, “भांड्यांनी काय केलंय? चल, मछलीपट्टणला जाऊ.”

पाडव्याला किनाऱ्यावर मांडव होता. वस्तीतल्या बायकांनी पाट्यावर हळद वाटून लाँचला लावली होती. मंत्री खुर्चीवर, शेजारी एकनाथराव, तू माइकजवळ. अंकय्या नवं धोतर नेसून हात जोडून उभा होता. त्याची पोरं आधीच लाँचवर चढून इंजिनाशी खेळत होती. तेवढ्यात मी फळीवरून चढले आणि त्या काचेच्या खोलीत जाऊन बसले. तू धावत आलास.

“अक्का, उतर. हे काय चाललंय?”

मी म्हणाले, आणि मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “नाव माझ्या मुलीचं आहे, तर पहिली खेप मी करणार. तू तिचा मामा. ये, माझ्याशेजारी बस. एकनाथरावांनाही बोलाव. दांड्याबाहेर जाऊन येऊ, मग बोट यांच्या हवाली करू. आपण बसू शकत नाही त्या बोटीत यांच्या पोरांना कसं बसवायचं?”

एकनाथरावांना तेव्हाच ऊन लागलं. ते सावलीत गेले ते गेलेच. पण तू फळीवर पाय ठेवलास. खरं सांगते, मला वाटलं, हा येतो. आणि त्या क्षणी माझा सगळा राग पळाला, नुसती भीती उरली. आलास तर आपण दोघंही बुडणार होतो, आणि तरी तू यावंस असं वाटत होतं. तू समुद्राकडे बघितलंस. मग पाय काढून घेतलास आणि म्हणालास, “मंत्रीसाहेबांना उशीर होतोय.”

तो पाय किनाऱ्यावरच्या सगळ्यांनी पाहिला, प्रताप. अंकय्याच्या पोरांनीही पाहिला. एकेक करून ती खाली उतरली.

मंत्र्यांनी यांना जवळ बोलावून विचारलं, “काय प्रकार आहे?” हे म्हणाले, “साहेब, तळ कुजला आहे.” त्यांनी पुन्हा विचारलं नाही. उठले, गाडीत बसले. तू त्यांच्या मागून बसलास. मागे वळून बघितलं नाहीस, म्हणून पुढचं तुला माहीत नाही.

तुम्ही गेलात. मला एकदम लाज वाटायला लागली. त्यांच्या दारातला सण मी मोडला होता. नूकम्मा पुढे आली, मला हाताला धरून उतरवलं आणि म्हणाली, “भूक लागली असेल, अम्मा.” त्यांनी आम्हाला जेवायला घातलं. दुपारी पुरुषांनी लाँच वाळूवर ओढून घेतली. नूकम्मा नारळाची सोडणं आणि ओली वाळू घेऊन आली, नावाकडे बोट करून विचारलं, “काढू का?” म्हटलं, दोघी काढू. नवा रंग होता, लवकर निघाला. खाली लढाईतले इंग्रजी आकडे होते.

मंत्र्यांनी हैदराबादला जाऊन समितीला ‘तळ कुणी तपासला?’ एवढं एक वाक्य विचारलं म्हणे, आणि मग समितीला सुबुद्धी झाली. एकनाथरावांची लाँच परत. दुसरी बोट बघण्याचं काम आमच्याकडे. मी एवढं घसा फोडून बोलले ते गेलं वाऱ्यावर, आणि मंत्र्यांच्या एका वाक्याला किंमत! याचाही मला राग आहे. पण काम झालं.

काकिनाड्याच्या बाजूला खाडीकाठी सुतारांची वस्ती आहे, तिथे आम्ही चौघं गेलो. हे, मी, अंकय्या आणि नूकम्मा. एका व्यापाऱ्याने सांगून ठेवलेली आणि मग नको म्हटलेली बोट जवळजवळ पुरी झालेली उभी होती. रंगाचा हात लागलेला नव्हता, त्यामुळे लपलेलं काहीच नव्हतं. सागवानी फळ्या, जवळजवळ बसवलेल्या फासळ्या, लाट कापायला पुढची नाळ उंच. बूड खोल, पण आमच्या दांड्यावर टेकेल इतकं नाही. ते मापायला अंकय्याने ओहोटीचं पाणी दोरीने मोजून आणलं होतं. यांनी प्रत्येक जोडात पेचकस घातला. शेवटी सुतार वैतागून म्हणाला, साहेब, भोकं तुम्हीच पाडताय. मधोमध बर्फाची कोठी, भुसा भरलेल्या दुहेरी फळ्यांची. इंजिन समुद्रासाठी केलेलं, लहान, आणि ते दमलं तर डोलकाठी आहे. नूकम्मा आत जाऊन बसली, उठली, पुन्हा बसली, आणि म्हणाली, “प्यायच्या पाण्याचं पिंप कुठे ठेवणार?” आम्हा तिघांना ते सुचलंच नव्हतं. जागा करून घेतली.

बोट पुरी करून इथे आणली, आणि परवा ती दांड्याबाहेर गेली. अंकय्या, त्याची पोरं, आणि माझं न ऐकता हेही. म्हणाले, “तपासली मी, तर पहिल्या खेपेला मी नको?” मी आणि नूकम्मा किनाऱ्यावर बसून राहिलो. ती जाळं विणत होती. मला काही येत नाही, मी तिला सूत धरून देत होते. तिने विमलबद्दल आणखी बरंच सांगितलं. पोरगी बरी असताना रोज संध्याकाळी या बायकांना अक्षरं शिकवायची, हे मला ठाऊकच नव्हतं. नूकम्माने वाळूत बोटाने स्वतःचं नाव काढून दाखवलं. मी त्यातला ‘नू’चा ऊकार दुरुस्त केला आणि मग मला रडू आवरेना.

काल दुपारी बोट परत आली. पाण्यात चांगली खाली बसली होती. आधी वाटलं, काही बिघडलं की काय. पण ते मासळीचं ओझं होतं. हे नाळेवर उभे होते, ओले, काळवंडलेले, आणि म्हातारपणी इतके खुशीत मी यांना पाहिलेलं नाही. पोरं ओरडत होती. बायका टोपल्या घेऊन पाण्यात शिरल्या, त्यांच्याबरोबर मीही शिरले. सोवळंओवळं आठवायला सवड नव्हती.

पावसाळी वारा सुटायच्या आत अजून काही खेपा होतील. अंकय्या म्हणतो, साहेबांना बोलवा, त्यांनीच पहिल्यांदा बोट देऊ म्हटलं होतं. हे म्हणतात, त्याने पाय काढून घेतला म्हणून आपण हात काढून घ्यायचा का? नूकम्माजवळ तुझ्यासाठी ठेवलेला निरोप आहे आणि तो ती दुसऱ्या कुणाकडे देत नाही. मला सांगितला तो माझा होता. तुझा वेगळा आहे.

फोटोवाला आणू नकोस. हार आणू नकोस. स्टेशनवरून सरळ वस्तीत ये, कुणीही घर दाखवील. मी शाळेची सुटी संपेपर्यंत इथेच आहे. समोर आलास की मी गोड बोलेन असा भरवसा धरू नकोस.

राग गेलेला नाही. तरी ये.

तुझी
अक्का